उभा छेद, आडवा छेद आणि बिरूची हाक

भूल देणाऱ्या डॉक्टरला पेशंट ओळखत नाही. ओळखणार कसा? आम्ही समोर येतो तेव्हा तो भेदरलेला असतो आणि आम्ही निघून जातो तेव्हा झोपेत. शुद्धीवर आल्यावर त्याला सर्जन आठवतो, टाके आठवतात, पहिला चहा पाजणारी सिस्टर आठवते. सांगलीतल्या ज्या इस्पितळात मी उमेदीची वर्षं काढली, तिथे मला सगळे ‘भुलीच्या बाई’ म्हणत. माझं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते फारसं कुणाला लागलं नाही. एकदा मंडईत मी कोथिंबिरीच्या ढिगापाशी वाकून उभी होते, तर माझ्याच हातून दोनदा भूल घेतलेल्या एका गृहस्थांनी मला विक्रेती समजून जुडीचा भाव विचारला. मी सांगितला. महाग आहे म्हणून ते पुढे गेले.

पण ती जागा मला प्रिय होती. सर्जन टेबलाच्या बाजूंना उभे राहतात आणि आम्ही पेशंटच्या डोक्याशी. तिथून सगळं दिसतं. सर्जनला फक्त जखम दिसते. आम्हाला पेशंटचा चेहरा दिसतो, जखमही दिसते आणि सर्जनचा घामही. श्वास चालू ठेवणं हे माझं काम. श्वासाची नेहमीची वाट बंद झाली, तर गळ्यातून दुसरी वाट काढणं हे त्यांचं काम. या दुसऱ्या वाटेला ट्रॅकिऑस्टॉमी म्हणतात. आमचे वॉर्डबॉय तिला ‘गळ्यातली नळी’ म्हणायचे, आणि तेवढं पुरेसं होतं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. आज अतिदक्षता विभाग म्हटलं की काचा, पडदे आणि सतत टुकटुक करणारी यंत्रं डोळ्यांपुढे येतात. आमच्याकडे एक खोली होती आणि त्या खोलीत श्वास देणारं एक यंत्र होतं. म्हणून तिचं नाव ‘मशीनची खोली’. वीज गेली की यंत्र थांबायचं आणि मग रबरी फुगा हाताने दाबत बसायचं. सांगलीची वीज तेव्हा पाहुण्यासारखी यायची. माझ्या उजव्या हाताची पकड अजून घट्ट आहे, ती त्यामुळे.

आमच्या इस्पितळात दोन सर्जन होते. डॉक्टर घोरपडे हे साताऱ्याकडचे, लष्करातून परतलेले, मिशा अजून कवायतीत उभ्या असलेल्या. डॉक्टर पेंडसे विलायतेत शिकून आलेले, हातरुमालाला घडी, बोलण्यालाही घडी. दोघेही उत्तम सर्जन होते आणि दोघांची एकमेकांवर माया होती, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही. आम्ही त्यांच्या पाठीमागे एकाला ‘उभे सर’ आणि दुसऱ्याला ‘आडवे सर’ म्हणायचो. दोघांनाही ते माहीत होतं.

त्या नावांचं कारण समजायला हवं तर आपल्या गळ्यावर बोट ठेवा. हनुवटीखालून बोट सरकवत खाली आलात की कंठमणी लागेल. त्याच्याखाली एक मऊ खळगा आहे, त्याखाली एक टणक कडं, आणि मग श्वासनळीची कडी एकाखाली एक. अगदी जीव चालला असेल तर त्या मऊ खळग्यातून आत शिरता येतं. ती सगळ्यांत जवळची वाट. पण तिथे नळी फार दिवस राहिली तर स्वरयंत्राखालची जागा आकसते आणि माणूस वाचूनही पुढे श्वासाला महाग होतो. म्हणून थोडी तरी उसंत असेल तर सर्जन आणखी खाली, कड्यांमध्ये जातो. तिथे जायचं तर आधी कातडी कापायला हवी. ती उभी कापायची की आडवी, यावर आमच्या इस्पितळात जितकी चर्चा झाली तितकी विधानसभेत उसाच्या दरावर झाली नसेल.

घोरपडे सर म्हणायचे, “बाई, देवानं गळ्याला मधोमध रेघ दिलीय. त्या रेघेवर सरळ चाला. रक्त लागत नाही, वाट चुकत नाही. आघाडीवर असताना कंदिलाच्या उजेडात केलीय मी.”

पेंडसे सर चष्मा पुसत म्हणायचे, “माणूस जगणार आहे असं धरून कापावं, घोरपडे. जगल्यावर त्याला आरशात बघायचं असतं. कातडीच्या सुरकुत्या आडव्या असतात, छेदही आडवाच हवा.”

दोघेही खरं बोलत होते, हीच तर अडचण होती.

घोरपडे सरांची बाजू मला पटली ती एका पैलवानामुळे. कराडकडचा गडी होता. दाढ सडली होती, पण मैदान तोंडावर आलेलं, म्हणून वस्तादाला न सांगता त्याने दुखणं अंगावर काढलं. आणला तेव्हा जबड्याखालचं सगळं सुजून टणक झालं होतं, जीभ वर ढकलली गेली होती आणि लाळ गिळता येत नव्हती. आडवा केला की गुदमरायचा. अशा माणसाला भूल देणं म्हणजे उरलासुरला श्वासही आपल्या हाताने बंद करणं. तेव्हा भूल नाही. त्याला बसता ठेवला, मागून मी त्याचं डोकं छातीशी धरलं आणि घोरपडे सरांनी कातडी बधिर करून सुरी घेतली. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो हे त्या देहावर कळत नव्हतं. सरांनी उभा छेद घेतला, डोळे जवळजवळ मिटले आणि बोटाने चाचपत आत गेले. कडं लागलं, आत पातं गेलं, आणि फस्‌ करून जो आवाज आला, त्याने खोलीतल्या आम्हा सगळ्यांनाच श्वास आला. आडव्या छेदाला तिथे जागाच नव्हती. शुद्धीवरच असलेल्या त्या पैलवानाने हाताने पहिली खूण केली ती दाराकडे. वस्तादाला आत सोडू नका, अशी.

पेंडसे सरांची बाजू पटली ती फलटणच्या एका मुलीमुळे. लग्न ठरलं होतं. गूळ चाटताना त्याला चिकटलेली गांधीलमाशी तोंडात गेली आणि घशातच डसली. मुलगी सावध होती, थोडा वेळ हाताशी होता. पेंडसे सरांनी गळ्याच्या घडीत आडवा छेद घेतला आणि नंतर एवढ्या बारीक टाक्यांनी शिवला की रूथ सिस्टर, आमच्या मशीनच्या खोलीच्या इनचार्ज, म्हणाल्या, “सरांनी दिवाळीत माझ्या पोरीचा परकर शिवून द्यावा.” लग्नात मुलीने ठुशी घातली. ठुशीखाली वण होता हे घरच्यांखेरीज मांडवात फक्त दोन्ही सरांना आणि मला ठाऊक. पेंडसे सर जेवणाच्या पंगतीत घोरपडे सरांना कोपराने ढोसून नवरीकडे बघायला लावत होते. शेजारच्या बायकांचा भलताच समज झाला.

सगळेच असे वाचले नाहीत. दुष्काळानंतरची ती वर्षं. धनुर्वाताचे पेशंट इतके यायचे की आजच्या डॉक्टरांना सांगितलं तर पटत नाही. लस गावोगाव पोचली नव्हती. काटा लागला, खुरपं लागलं, माती भरली, शेण लिंपलं, आणि काही दिवसांनी दातखीळ. आमची ती खोली काळे पडदे लावून अंधारात ठेवलेली असायची, कारण धनुर्वातात उजेड आणि आवाज यांनी झटका येतो. त्या अंधारात मी कितीतरी माणसं जाताना पाहिली. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही, पण विसरलेही नाही. लसीची सुई टोचताना रडणारं पोर दिसलं की मला अजून बरं वाटतं.

याच खोलीत बिरू आला.

बिरू जतकडचा धनगर. उन्हाळ्यात तिकडे माणसालाच प्यायला टँकर, तिथे मेंढरांना कुठलं पाणी? म्हणून ते कळप घेऊन कृष्णाकाठी उतरत आणि शेतकऱ्यांच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवत. शेताला खत मिळे, धनगराला धान्य. बिरूच्या पायात बाभळीचा काटा मोडला. तो त्याने स्वतःच उकरून काढला आणि भोकात लेंडीची राख भरली. त्याची बायको बनाबाई आणि धाकटा भाऊ सिदा यांनी त्याला बैलगाडीतून आणलं तेव्हा त्याचे दात घट्ट मिटलेले होते आणि पाठ कमानीसारखी वर उचलत होती.

मी बनाबाईला बाहेर नेऊन समजावलं. झटका घशात आला तर श्वास कोंडेल, तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल, अंगठा दे. ठसठशीत कुंकू लावलेली, खांद्यावर घोंगडं टाकलेली ती बाई अंगठा मुठीत मिटून उभी राहिली.

“आवाज जाईल व्हय त्येचा?”

“नळी आहे तोवर बोलता येणार नाही. पुढे येईल. पण तसं वचन देता येत नाही. आधी जीव बघू.”

“बाई,” ती म्हणाली, “आमची मेंढरं त्येच्या हाकंवर चालत्यात. दुसऱ्या कुणाला दाद देत न्हाईत. आवाज गेला तर कळप गेला. कळप गेल्यावर त्यो जिवंत ऱ्हाऊन तरी काय करंल?”

सिदा खाली मान घालून म्हणाला, “म्या हाक मारली की नुसती तोंडाकडं बघत्यात. काल उभ्या उसात शिरली. मालकानं काठी काढली.”

मी अंगठा घेतला आणि आत गेले. तोवर मला आवाजाची काळजी करायची सवय नव्हती. श्वास चालू ठेवला की माझं काम संपायचं.

दोन्ही सरांनी बिरूला तपासलं. गळ्यात नळी घालावी लागणार यावर एकमत झालं, ती दुपारची विश्रांती झाल्यावर निवांत घालू यावरही झालं. मग व्हरांड्यात चहाच्या कपांसकट वाद सुरू झाला. या वेळी कातडीबरोबर श्वासनळीचाही. घोरपडे सरांचं म्हणणं, श्वासनळीला सरळ उभी चीर द्यावी, काम झालं की आपोआप मिटते. पेंडसे सरांचं म्हणणं, धनुर्वाताच्या पेशंटला झटके येतात, झटक्यात नळी निसटून बाहेर पडते आणि अंधारात ती परत घालताना वाट सापडत नाही. म्हणून श्वासनळीच्या कड्यात खिडकी पाडावी, पण तिचा तुकडा कापून फेकू नये. तो झडपेसारखा खाली वळवून कातडीला टाका घालावा. मग नळी पडली तरी वाट उघडी राहते.

“आणि पुढे ती वाट मिटली नाही तर?” घोरपडे सर म्हणाले. “जन्मभर गळ्याला भोक घेऊन फिरू दे गड्याला!”

“जन्म असला तर फिरेल,” पेंडसे सर म्हणाले.

एवढ्यात कुंपणापलीकडे एकच गलका झाला. शंभरभर मेंढरं एकदम बें-बें करू लागली, त्यात दोन कुत्री. मी धावतच मशीनच्या खोलीकडे गेले. बनाबाई आणि सिदाने अख्खा कळप इस्पितळाच्या मागच्या रस्त्याने आणून बिरूच्या खिडकीखाली उभा केला होता. आवाज करू नका असं आम्ही सगळ्यांना बजावलं होतं. पण मेंढरांचा आवाज हाही आवाजच, हे त्यांच्या मनातच आलं नाही. धन्याला कळपाचा आवाज ऐकवला की तो उठून बसतो, ही त्यांची रीत.

बिरू उठून बसला नाही. त्याचं सगळं अंग एकदम लाकडासारखं झालं, घशातून एक बारीक किंकाळी निघाली आणि बंद झाली. ओठ काळे पडले. रूथ सिस्टरनी सुई माझ्या हातात दिलीच होती. स्नायू सैल करणारं ते औषध शिरेत गेलं की सगळं अंग ढिलं पडतं, जबडा उघडतो, पण त्याबरोबर उरलेला श्वासही थांबतो. म्हणजे आता पुढचं सगळं माझ्यावर. जबडा सुटला. मी घशात बघायचं दिव्याचं पातं तोंडात सरकवलं. लाळेने भरलेलं सगळं. सिस्टर पायाने सक्शनचं यंत्र हाणत होत्या. क्षणभर मला स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या, ज्यांतून ती हाक निघायची त्याच, आणि त्यांच्यामधून मी नळी आत घातली. फुगा दाबला. छाती वर आली. ओठांवर हळूहळू माणसाचा रंग आला.

मी मान वर केली तर दोन्ही सर हातमोजे घालून दारात उभे. घोरपडे सरांच्या मिशीला चहा लागलेला होता.

“आता घाई नाही,” मी म्हणाले. मला सर्वांत अभिमानाची जी काही थोडी वाक्यं आयुष्यात बोलता आली, त्यांतलं हे एक. तोंडातून नळी गेली की गळ्याची तातडी संपते. मग शस्त्रक्रिया शांतपणे, नीट उजेडात करता येते.

तातडी संपली तशी दोघांनी चर्चा पुन्हा काढली. मी फुगा दाबत उभी आणि माझ्या दोन बाजूंना उभे आणि आडवे. बाजूला सरकलेल्या पडद्यामागे, खिडकीबाहेर बनाबाई तोंडात पदर कोंबून रडत होती, आपल्याच हाताने नवरा मारला म्हणून. ते बघून माझं डोकं फिरलं.

“सर,” मी म्हणाले, “कातडी घोरपडे सर कापतील. उभी. याला ठुशी घालायची नाही. श्वासनळी पेंडसे सर उघडतील. झडप करून. याला आणखी खूप झटके येणार आहेत आणि रात्रंदिवस इथे रूथ सिस्टर असणार आहेत, तुम्ही नाही. फुगा माझ्या हातात आहे.”

शेवटचं वाक्य धमकी होती असं पेंडसे सर पुढे सगळ्यांना सांगत. मला ती नुसती माहिती वाटली होती. दोघे मुकाट हात धुवायला गेले. एका गळ्यावर दोन सर्जननी निम्मी-निम्मी शस्त्रक्रिया केलेली मी ती एकदाच पाहिली.

त्यानंतर बिरू बरेच आठवडे त्या अंधारात होता. यंत्र श्वास देत होतं, यंत्र थांबलं की मी किंवा सिस्टर. एकदा खरंच झटक्यात नळी निसटून बाहेर पडली. रूथ सिस्टर एकट्याच होत्या. ओरडायची सोय नव्हती. त्यांनी बोटाने झडपेचा टाका चाचपला आणि त्याच्याच आधाराने वाट शोधून नळी परत आत बसवली. मी पोचले तेव्हा त्या शांतपणे तिच्या फिती बांधत होत्या, फक्त त्यांचे ओठ प्रार्थना पुटपुटत होते. उभी चीर असती तर बिरू त्या दिवशी गेला असता, हे घोरपडे सरांनी स्वतः मान्य केलं. अर्थात पेंडसे सर समोर नसताना.

बनाबाईने नंतर आवाजाचं नाव काढलं नाही. ती रोज येऊन दाराबाहेर चपला काढून बसायची. मेंढरांचं काय चाललंय विचारलं तर म्हणायची, “हायती.” सिदाकडून कळलं की कळप विस्कटत चाललाय, दुसऱ्या धनगरांच्या कळपात मेंढरं मिसळतात आणि परत वळत नाहीत. जतकडे माघारी जायची वेळ जवळ येत होती. धन्याशिवाय एवढा कळप हाकत नेणं जमणार नाही, निम्मा तरी विकावा असं भावकी म्हणत होती. ती दारात बसलेली दिसली की माझा पाय अडखळायचा. या बाईला मी आवाजाचं वचन दिलं नव्हतं, पण मनात कधीतरी दिलं होतं.

झटके थांबले. पडदे उघडले. गळ्यात आता धातूची नळी होती. अशी नळी असली की श्वास तिथूनच ये-जा करतो, वर स्वरयंत्राकडे हवा जात नाही, म्हणून माणूस ओठ हलवतो पण आवाज निघत नाही. बनाबाईने ते पाहिलं आणि मान फिरवली. मी बिरूचं बोट धरलं, त्याच्याच नळीच्या तोंडावर ठेवलं आणि म्हणाले, “आता बोल.”

त्याने ओठ हलवले. आधी नुसती घरघर. मग घोगरा, फाटका, पण आवाज.

“मेंढरं उसात गिली न्हवं?”

बनाबाई इतकी मोठ्याने हसली की रूथ सिस्टरनी सवयीने ‘श्श’ केलं. मग त्याच डोळे पुसायला लागल्या.

नळी निघाली. स्वरयंत्र छान होतं, आवाज भरत आला. पण गळ्यातलं भोक आकसत आकसत ज्वारीच्या दाण्याएवढं झालं आणि तिथेच थांबलं. बोलताना त्यातून वारा निसटायचा, हाक मारायची तर बोट ठेवावं लागे.

“झडप!” घोरपडे सर म्हणाले. “मी सांगत होतो.”

“उभ्या छेदाची कातडी ताणली गेली,” पेंडसे सर म्हणाले.

शेवटी दोघांनी ठरवलं की पुढच्या हंगामात छोटी शस्त्रक्रिया करून भोक बुजवायचं. बिरूला दहादा बजावलं. पाण्यात उतरायचं नाही, धुळीत गळ्याला फडकं, आणि परत यायचंच. तो व्हय-व्हय म्हणाला आणि बायकोबरोबर चालत निघून गेला. कळप त्या हाकेला वळला की नाही ते आम्हाला कळलं नाही. त्या वर्षात मी कितीतरी वेळा स्वतःशी तो विचार केला, आणि दर वेळी सोडून दिला.

पुढच्या हंगामात धनगर कृष्णाकाठी उतरले. बिरू काही इस्पितळात आला नाही. एका रविवारी सकाळी सिदा आला, चांगला मुंडासं बांधून, आणि म्हणाला, “तिघांस्नी बी बोलीवलंय. रानात जेवाय.” पेंडसे सर गाडी काढायच्या आधी हत्यारांची पेटी घ्यायला विसरले नाहीत. रानातच समजावून उद्या भरती करून घेऊ, असा त्यांचा बेत.

आम्ही पोचलो तेव्हा ओढ्यावर दोन कळप पाण्याला आले होते आणि एकमेकांत पार मिसळून गेले होते. सगळी मेंढरं सारखीच काळी. बिरू बांधावर उभा होता, गळ्याला पांढरं फडकं. दुसऱ्या धनगराने हाक मारली. काही मेंढरं हलली, काही नुसती कान हलवून उभी राहिली.

बिरूने फडकं खाली ओढलं, भोकावर बोट ठेवलं आणि हाक दिली. लांब, भरदार, ओढ्याच्या पलीकडे जाणारी. हाकेच्या मध्येच त्याने बोट क्षणभर उचललं, तशी त्यातून एक बारीक शीळ फुटली, आणि बोट परत दाबलं तशी हाक पुन्हा जोडली गेली. पाण्यावरची निम्मी डोकी एकदम वर आली. मेंढरं त्या गर्दीतून वेगळी होत, एकमेकांना ढकलत बांधाकडे पळत सुटली. एकही चुकीचं आलं नाही आणि एकही मागे राहिलं नाही.

मी रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

“बिरू, छान,” पेंडसे सर हातातली पेटी सावरत म्हणाले, “पण आता ते भोक बुजवू या.”

“न्हाई सायेब,” बिरूने गळ्यावर हातच ठेवला. “आधी माझी हाक हुबेहूब काढनारं बी हुतं कोन कोन, सिदाला न्हाई जमली ती. भावकीतली पोरं चेष्टंनं माझी मेंढरं वळवून न्यायची. आता ही शीळ कुणाच्या गळ्यातनं निघती? बुजवलं तर मेंढरं वळखायची न्हाईत मला. ऱ्हाऊ द्या.”

दोघा सरांनी एकमेकांकडे पाहिलं.

“झडप माझी होती,” पेंडसे सर म्हणाले.

“कातडी मी कापली,” घोरपडे सर म्हणाले. “सरळ छेद होता म्हणून बोट बरोबर बसतंय.”

एक वर्ष जे भोक एकमेकांच्या माथी मारत होते, त्याचं श्रेय घ्यायला दोघेही आता हमरीतुमरीवर आले. तेवढ्यात बनाबाईने भाकरी, मटण आणि ताकाचं मडकं पुढे आणून ठेवलं म्हणून ते निभावलं.

जेवताना बिरू माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हा विचारणार की या बाई कोण.

“सायबांनी काय केलं ते गळ्यावर दिसतंय,” तो म्हणाला. “तुमी काय केलं ते दिसत न्हाई. पर ही खिडकीतनं बघत हुती. म्हनली, मी काळा पडलो तवा तुमीच तोंडातनं वारं घातलं, आन मंग त्यो फुगा दाबत हुब्या ऱ्हायलात.”

“ते माझं रोजचंच काम,” मी म्हणाले. “आम्ही झोपवतो आणि आम्हीच उठवतो.”

त्याने मान डोलावली आणि गळ्यावर बोट ठेवून एक छोटी, मऊ हाक मारली. कळपातून एक कोकरू उड्या मारत आलं, माझ्या ताटात तोंड घालायला निघालं. कपाळावर एक पांढरा ठिपका, पाय काटक्यांसारखे.

“ही औंदाच झाली. पाट हाय, मादी,” बिरू म्हणाला. “म्हंजी कळपात ऱ्हानार, इकायची न्हाई. हिचं नाव भुली ठिवलंय.”

दोन्ही सर जेवायचे थांबले.

“आणि आमच्या नावाचं कुणी नाही का रे?” घोरपडे सरांनी विचारलं.

“न्हाई सायेब,” बिरू म्हणाला. “नर कोकरं इकून टाकतो आमी.”

आज ते दोघेही सर नाहीत. भोकं पाडायच्या रीती बदलल्या. आता म्हणे सुई, तार आणि नळी एवढ्यावरच काम होतं, छेद उभा की आडवा हा प्रश्नच फारसा उरला नाही. पण तेव्हा बिरूने पुन्हा हाक मारली, भुलीने कान टवकारले आणि माझ्या हातातला भाकरीचा तुकडा पळवून ती त्या शिळेच्या दिशेने धावत सुटली. एवढ्या वर्षांत माझ्या कामाचं नाव कुणी कुणाला ठेवलं असेल तर ते तिलाच.